नगरचा गांजा, निपाणीची तंबाखू, मळीची दारू

राजगुरुनगरच्या पश्चिमेला भीमाशंकरचा डोंगर आणि दक्षिणेला, त्याच खेड तालुक्यात, आळंदी. महाशिवरात्रीला भीमाशंकरी येणाऱ्या बैराग्यांच्या हातातली चिलीम या भागातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारूला शिवायचे नाही, हा आळंदीच्या वारकऱ्यांचा नेमही त्यांनी तितकाच जवळून पाहिला आहे. तिसरी गोष्ट घरातली. सकाळी चूल पेटली की तव्यावर तंबाखूची पाने टाकायची, ती काळी होईतो परतायची, हाताने चुरायची आणि डबीत भरायची. ही मशेरी दातांना लावल्याशिवाय दिवस सुरू न होणाऱ्या बायका मावळापासून मराठवाड्यापर्यंत सापडतील. नशेच्या या तीन वस्तू एकाच मुलखात शेजारी शेजारी नांदल्या. कायद्याने मात्र तिघींना तीन वेगळ्या वाटांना लावले.

राजगुरुनगरहून चाकणकडे पुणे-नाशिक रस्त्याने जाताना त्या वाटा उघड्या डोळ्यांनी दिसतात. परमिट रूम आहेत, सरकारमान्य देशी दारूची दुकाने आहेत, कारखान्यांच्या फाटकांसमोर पानटपऱ्या आहेत. गांजाचे दुकान कुठेही नाही. एक किलोपर्यंत गांजा जवळ सापडला तर वर्षभरापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वीस किलोच्या वर सापडला तर दहा ते वीस वर्षे. दारू आणि तंबाखू चालते, मग गांजानेच काय पाप केले, हा प्रश्न हल्ली तरुण मुले विचारतात आणि उत्तरादाखल कॅनडा, जर्मनीचे दाखले देतात. पण एवढ्या लांब जायची गरज नाही. आपल्या मुंबई इलाख्याने आणि नंतर महाराष्ट्राने गेल्या दीडशे वर्षांत या तिन्ही वस्तूंवर कर, परवाना, बंदी आणि सूट असे सगळे प्रयोग करून पाहिले आहेत. तो इतिहास नीट लावला तर एक गोष्ट स्वच्छ दिसते. कुठली नशा चालू ठेवायची आणि कुठली गाडायची, हे तिच्या अपायाचे माप घेऊन कधीच ठरले नाही. तिच्यामागे कोण उभे होते, यावरून ठरले.

सुरुवात दारूपासून करायला हवी, कारण सरकारला नशेच्या पैशाची गोडी तिनेच लावली. पेशवाई बुडाल्यानंतरची काही दशके गावोगावच्या भट्ट्या आणि माडी-ताडीची झाडे थोडाफार कर भरून चालत होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हा विस्कळीत कारभार एका मुठीत आणला. दारू गाळायची ती सरकारी देखरेखीखालच्या भट्टीत, विकायची ती लिलावात मक्ता घेतलेल्याने, आणि प्रत्येक गॅलनमागे सरकारचा वाटा ठरलेला. उरणसारख्या ठिकाणी मोठमोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरही खास कायदा आला. ज्या आदिवासींच्या सणासुदीला मोह होता, त्यांच्या घरात फुले साठवणे हाच गुन्हा होऊन बसला. मक्तेदाराने लिलावात ओतलेला पैसा वसूल करायचा तर दुकाने वाढवण्यावाचून त्याला इलाज नव्हता, आणि दुकाने वाढली तर सरकारचे उत्पन्न वाढणारच होते.

हे दुष्टचक्र पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरातली दारूची दुकाने वाढत चालल्याचे पाहून १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली. आरोग्यावर खर्च करणारी नगरपालिका आणि दारूचे परवाने वाटणारे सरकार यांच्यातली विसंगती त्यांना बोचत होती. ती विसंगती आजही जशीच्या तशी आहे.

गांजाची गोष्ट याच काळात दुसऱ्या बाजूने चालू होती. मुंबई इलाख्यात गांजाचे पीक मुख्यतः नगर आणि सातारा या जिल्ह्यांतले. हे येरागबाळ्याचे काम नव्हते. झाडे कमरेएवढी वाढली की त्यांतली नर झाडे नेमकी ओळखून उपटून टाकावी लागत. शेतात थोडी जरी राहिली तरी मादी झाडे बी धरत आणि मालाची किंमत पडे. तुरे चिकट झाले की कापणी, मग खळ्यावर पसरून उन्हात सुकवणे, पायांनी तुडवणे, उलथून पुन्हा तुडवणे. असे काही दिवस केल्यावर चपटा, दाबलेला गांजा तयार होई आणि व्यापारी तो घेऊन जाई. विक्रीचा मक्ता दारूसारखाच लिलावाने जाई. चिलीम ओढणारे कोण होते? बैरागी, गोसावी आणि फकीर तर होतेच, शिवाय ओझी वाहणारे, राबणारे असे कष्टकरी. दारूपेक्षा ही नशा स्वस्त पडत होती.

या साध्या पिकावर एकाएकी लंडनची नजर गेली. इंग्लंडमध्ये तेव्हा मद्यपानविरोधी आणि अफूविरोधी चळवळ जोरात होती. त्या चळवळीतले एक खासदार डब्ल्यू. एस. केन यांनी २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेत बंगालमधल्या गांजाविषयी प्रश्न विचारला. या नशेने लोकांची नीती आणि प्रकृती बिघडते काय, याची चौकशी करा, ही मागणी. हिंदुस्थान सरकारने ती बंगालपुरती न ठेवता सगळ्या देशाला लागू केली आणि जुलै १८९३ मध्ये एक आयोग नेमला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सदस्य सहा, त्यांत तिघे हिंदी: ताहिरपूरचे राजा सोशी शिखरेश्वर रॉय, पंजाबचे कंवर हरनामसिंग अहलुवालिया आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. मुंबई इलाख्यातून एक गोरा कलेक्टर, ऑमनी, घेतला होता.

हा आयोग म्हणजे नशेविषयी आपल्या देशात झालेली आजवरची सर्वांत कसून केलेली चौकशी. ११९३ साक्षीदार तपासले गेले. त्यांत कलेक्टर, मामलेदार, डॉक्टर, वैद्य, हकीम, मिशनरी, शेतकरी, मक्तेदार आणि स्वतः गांजा ओढणारेही होते. लांबलचक प्रश्नावलीत एक प्रश्न असा होता, जो आजच्या वादालाही तंतोतंत लागू पडतो: गांजा बंद केला तर लोक दारूकडे वळतील का? वळतील, असे पुष्कळांनी सांगितले, आणि दारूची नशा याहून वाईट असेही सांगितले.

आयोगाचे सगळ्यांत चोख काम वेड्यांच्या इस्पितळांतले. गांजाने माणूस वेडा होतो, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. पुरावा म्हणून इस्पितळांचे आकडे पुढे केले जात. १८९२ साली देशभरातल्या अशा इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते आणि त्यांतल्या २२२ जणांच्या नोंदीत वेडाचे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिलेले होते. आयोगाने या नोंदी एकेक करून उकरल्या. रस्त्यावर सापडलेल्या माणसाला पोलीस घेऊन येत, सोबत भरून आणलेला कागद असे, त्यात ‘कारण’ असा एक रकाना असे. माणूस चिलीम ओढतो एवढे कुणाकडून कळले की त्या रकान्यात गांजा लिहून मोकळे व्हायचे, ही रीत होती. घरच्यांना विचारले का, आधीपासून आजार होता का, याची तपासणी नव्हती. आयोगाने ती केल्यावर २२२ पैकी ९८ प्रकरणेच उरली. त्यांतही निव्वळ या नशेवर बोट ठेवता येईल अशी ६१. म्हणजे शंभरात पाच रुग्णही नाहीत. ते ६१ मात्र खरे होते, आणि आयोगाने तेही लपवले नाही.

१८९४ मध्ये अहवाल आला. बेताच्या सेवनाने शरीराला, मनाला वा नीतीला फारसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि अतिरेक करणारे थोडे आहेत. सरसकट बंदीची गरज नाही आणि ती शहाणपणाचीही नाही. लागवडीला परवाना ठेवा, कर लावा, दुकाने मर्यादित ठेवा, एका माणसाजवळ किती माल असावा याला मर्यादा घाला. हा बहुमताचा निर्णय. राजा सोशी शिखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सदस्यांनी वेगळी मते नोंदवली. गांजाच्या बाजूने बोलणारे हल्ली या अहवालाचा पहिला भाग सांगतात आणि भिन्नमत पत्रिका गाळतात. माझ्या मते दोन्ही सांगायला हव्यात. शिवाय हेही विसरता येत नाही की बंदी नको म्हणणाऱ्या सरकारला गांजाचा कर हवाच होता. आयोगाची तपासणी प्रामाणिक होती, निष्कर्ष मात्र तिजोरीला सोयीचा निघाला.

विसाव्या शतकात हा प्रश्न राष्ट्रीय चळवळीच्या हाती गेला आणि त्याचा रोख पूर्णपणे दारूवर आला. १९०८ च्या वसंतात पुण्यात टिळकांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहिले, येणाऱ्या गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवू लागले. सरकारने ही निदर्शने मोडून काढली. जूनमध्ये टिळकांना अटक झाली, ती राजद्रोहासाठी. दारूचे दुकान म्हणजे परक्या सरकारची तिजोरी, हे समीकरण मात्र लोकांच्या मनात ठसले. पुढे गांधीजींनी दारूबंदी विधायक कार्यक्रमात घेतली. १९३७ साली बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात आले आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. बुडालेले अबकारी उत्पन्न भरून काढायला मुंबई आणि अहमदाबादच्या स्थावर मालमत्तेवर नवा कर बसवला गेला. दारूच्या व्यवसायात असलेल्या पारशी समाजाने मोठा विरोध केला. महायुद्ध सुरू होऊन मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानेही त्या बंदीचा कायदेशीर पाया मोडीत काढला.

स्वातंत्र्यानंतर हा विषय थेट राज्यघटनेत पोचला. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत दारूबंदीच्या कलमावर चर्चा झाली. त्या दिवशी विरोधात उभे राहिलेल्यांत एक मराठी माणूस होता, कोल्हापूरचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे. माणसाचे स्वातंत्र्य, बुडणारा महसूल आणि सक्तीऐवजी शिक्षण हे त्यांचे मुद्दे. छोटा नागपूरचे जयपालसिंग आदिवासींच्या बाजूने बोलले: आमच्या धर्मविधीत तांदळाची दारू आहे, तिच्यावर घाला घालू नका. खेरांनी बंदीची बाजू लावून धरली आणि ती जिंकली. आजच्या ४७ व्या कलमात मादक पेये आणि प्रकृतीला घातक असे मादक पदार्थ औषधाखेरीज वापरण्यावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे लिहिलेले आहे. तंबाखूचे नाव त्यात नाही. तंबाखू तेव्हा व्यसन मानलीच जात नव्हती. शेतकऱ्याच्या चंचीत ती पान-सुपारीच्या पंगतीला बसलेली होती.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हा खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते. एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यभर पूर्ण बंदी झाली. हा कायदा नावाने दारूबंदीचा, पण त्याच्या पोटात गांजा, भांग, ताडीही होती. नगर-साताऱ्याच्या गांजाच्या शेतीचा शेवट याच सुमारास झाला, आणि तो विनातक्रार झाला. कुणी मोर्चा काढल्याचे, कुणी कोर्टात गेल्याचे ऐकिवात नाही. दारूच्या बाबतीत मात्र एफ. एन. बलसारा नावाच्या गृहस्थांनी कायद्याला आव्हान दिले आणि २५ मे १९५१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधने यांत वापरल्या जाणाऱ्या अल्कोहोलवरची बंधने रद्द केली. कायद्याचा बाकीचा बराचसा भाग टिकला.

बंदीचे पुढचे दशक मुंबईने कसे काढले, हे जुन्या लोकांकडून ऐकायला मिळते. काळा गूळ आणि नवसागर घालून आंबवलेल्या रसायनाची हातभट्टी खाड्यांच्या काठी, खारफुटीच्या आडोशाला लागे. अड्डे उभे राहिले, हप्ते ठरले, आणि त्या पैशावर मुंबईच्या गुन्हेगारी जगाची एक पिढी मोठी झाली. ज्याची ओळख आणि ऐपत होती त्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर परवाना मिळे, आणि गिरणीकामगाराच्या वाट्याला विषारी हातभट्टी येई. दारूबंदीचा हेतू मी कमी लेखत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांची आच त्यामागे होती. पण तिचा भार कुणाच्या पाठीवर पडला, ते लपवण्यात अर्थ नाही.

साठच्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, परवाने सैल झाले. सत्तरच्या दशकात देशी दारूची सरकारमान्य दुकाने पसरली. याला मुंबईच्या पोलिसांची दमछाक जेवढी कारणीभूत होती, तेवढेच पश्चिम महाराष्ट्रातले एक नवे वास्तवही. गावोगाव सहकारी साखर कारखाने उभे राहिले होते. उसाचा रस आटवून साखर काढली की उरते ती मळी. मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून मद्यार्क निघतो. सहकारी कारखान्यांच्या आवारात आसवनी प्रकल्प आले, ऊस उत्पादक हा त्यांचा सभासद, आणि सभासद हाच मतदार. दारूच्या मागे आता परक्या सरकारचा मक्तेदार उरला नव्हता. आपलाच शेतकरी आणि आपलेच संचालक मंडळ होते. कायद्याचे नाव दारूबंदी असेच राहिले. म्हणून महाराष्ट्रात आजही दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो, एक दिवसाचा परवाना विदेशीसाठी पाच रुपयांत आणि देशीसाठी दोन रुपयांत मिळतो, आणि परमिट रूमच्या पाटीवरच्या परमिटचा उगम तिथे आहे. वय मात्र पंचवीस पूर्ण हवे, बिअर आणि वाइनला एकवीस.

द्राक्षांनी हीच वाट पुढे नेली. राजगुरुनगरहून नाशिककडे थोडे पुढे गेले की नारायणगाव. तिथे श्यामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फेसाळत्या वाइनचा कारखाना काढला. २००१ मध्ये राज्याने खास द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाइनला करसवलती दिल्या. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही कारण शेतकऱ्यांच्या हिताचेच सांगितले गेले. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिल्यावर तो अडला.

तंबाखूच्या मागे असलेल्या बळाची गोष्ट तर खेड तालुक्यातूनच सुरू होते. संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली स्वित्झर्लंडची नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला आले आणि कोरडवाहू शेती करू लागले. चाकणच्या बाजारातले कांद्याचे भाव, १९७८ चे पहिले आंदोलन आणि ९ ऑगस्ट १९७९ ला शेतकरी संघटनेची स्थापना हे सगळे या परिसरात घडले. दीड वर्षाने संघटनेचे एक मोठे आंदोलन झाले ते तंबाखूसाठी. सीमाभागातल्या निपाणीला विडीची तंबाखू पिके, आणि तिचा भाव मूठभर व्यापारी ठरवत. १४ मार्च १९८१ पासून हजारो शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. बैलगाड्यांसह, बायकामुलांसह रस्त्यावरच वस्ती झाली, तिला आंदोलननगर म्हणत. जवळजवळ साडेतीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला, पोलिसांनी गोळीबार केला आणि दहाहून अधिक शेतकरी प्राणाला मुकले.

त्या शेतकऱ्यांची मागणी रास्त होती. ज्यांनी जीव दिले त्यांच्या घामाला भाव मिळायलाच हवा होता. त्यांच्याखेरीज निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बायका होत्या, सिन्नर-संगमनेरला विड्या वळणाऱ्या हजारो कामगार होत्या. या सगळ्यांचे पोट तंबाखूवर असल्याने तिच्यावर हात टाकताना प्रत्येक सरकारने शंभरदा विचार केला. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण येत होते, तरी सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी देशभर कडक व्हायला २ ऑक्टोबर २००८ उजाडले. गुटख्यावर महाराष्ट्राने २००२ मध्ये बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षेच्या नियमांचा आधार घेऊन पुन्हा घातली आणि तेव्हापासून ती दरवर्षी वाढवली जाते. गुटख्याचा शेतकरी नव्हता, विडी कामगार नव्हती. म्हणूनच त्याच्यावर बंदी येऊ शकली, विडीवर आली नाही.

गांजाचा अध्याय दिल्लीत आणि न्यूयॉर्कमध्ये लिहिला गेला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजा अफू-हेरॉइनच्या पंक्तीत बसला. ज्या देशांत तो परंपरेने चालत होता त्यांना तो मोडण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. मुदत संपत आली तेव्हा १९८५ मध्ये भारताने अंमली पदार्थविरोधी कायदा केला. ऑगस्टमध्ये विधेयक, सप्टेंबरात राष्ट्रपतींची सही, १४ नोव्हेंबरपासून अंमल. ११९३ साक्षीदार तपासणाऱ्या देशात या वेळी एवढा झटपट निर्णय झाला. तुऱ्यांविना असलेली पाने व्याख्येतून वगळल्याने भांग केंद्रीय कायद्यातून सुटली. वाराणसीत तिची सरकारमान्य दुकाने आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा कायदा असल्याने तिलाही परवाना लागतो.

आता आजचे आकडे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, म्हणजे १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के. भांग, गांजा, चरस मिळून सुमारे ३ कोटी, आणि त्यांतले बेकायदा गांजा-चरस घेणारे १.३ कोटी. ज्यांना दारूपायी उपचारांची गरज आहे असे साडेपाच कोटींहून जास्त, भांग-गांजापायी ७२ लाख. तंबाखूचे २०१६-१७ चे राष्ट्रीय सर्वेक्षण सांगते की महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ ती कुठल्या ना कुठल्या रूपात घेतात, आणि त्यांतले बहुतेक ओढणारे नसून चघळणारे व मशेरी लावणारे आहेत.

या आकड्यांवरून गांजा निरुपद्रवी ठरत नाही. कोवळ्या वयातल्या मेंदूवर त्याचे परिणाम गंभीर असतात, मानसिक आजाराची प्रवृत्ती असलेल्याला तो धोक्याचा असतो, आणि आजचा माल १८९३ च्या मालाहून पुष्कळदा जास्त तीव्र असतो. पण तुरुंगाची शिक्षा फक्त याच एका नशेला का, याचे उत्तर आकडे देत नाहीत. दारूने विक्रोळीत २००४ मध्ये आणि मालवणीत २०१५ मध्ये एकेका घटनेत शंभराच्या आसपास माणसे मारली. ती विषारी, बेकायदा दारू होती, हे खरे. तिचे बळी मात्र कायदेशीर दारू न परवडणारेच होते.

जग तर बदलत आहेच. उरुग्वे, कॅनडा, जर्मनी यांनी वेगवेगळ्या अटींवर गांजा खुला केला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत धोकादायक पदार्थांच्या यादीतून काढले, २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या मतांनी, आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकर गांजा लावण्याची रीतसर परवानगी मागितली. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, मग हे तरी लावू द्या, असे त्याचे म्हणणे. परवानगी मिळाली नाही. नगर-साताऱ्याची ती शेती मुकाट्याने संपल्यानंतर सत्तर वर्षांनी गांजाच्या मागे एका शेतकऱ्याचा आवाज उमटला, एवढे मात्र नोंदवायला हवे. शेजारच्या बांधावर काय चालते ते त्यालाही दिसत असणार. उसात, तुरीत, हळदीत लपवून लावलेली गांजाची झाडे पकडल्याच्या बातम्या नित्याच्या आहेत.

माझे मत दोन भागांत आहे. चाकणच्या एखाद्या खोलीत दहा जणांत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या खिशात गांजाची पुडी सापडली म्हणून त्याला गुन्हेगार करणे मला अन्याय वाटतो. त्याच रात्री त्याच्या शेजारचा देशीची बाटली रिचवून शांतपणे झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोणी हटकत नाही. पुडी बाळगणाऱ्याला दवाखान्यात न्या, कोर्टात नको. पण म्हणून गांजाचे परवाने लिलावात काढा, कर वसूल करा, हा उपाय मला मान्य नाही. १८७८ पासूनचा आपला अनुभव डोळ्यांसमोर आहे. एकदा सरकारच्या तिजोरीला एखाद्या नशेच्या पैशाची चटक लागली की ते सरकार कुठल्याही पक्षाचे असो, मागे हटत नाही. चंद्रपूरमध्ये बायकांनी वर्षानुवर्षे लढून २०१५ मध्ये दारूबंदी मिळवली होती. सहा वर्षांत ती उठवली गेली. अवैध दारू आणि बुडालेला महसूल ही कारणे त्या वेळी दिली गेली.

महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगली गोष्ट कायद्यात आणली आहे, ती म्हणजे बाटलीचे मतदान. गावातल्या पंचवीस टक्के बायकांनी लेखी मागणी केली की तहसीलदार गुप्त मतदान घेतो. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद व्हावे असे मत. कित्येक गावांत बायकांनी शेतावरची कामे टाकून, घरच्या धमक्या सोसून रांगा लावल्या आहेत. या नियमात एक अडसर आहे. आलेल्या मतांपैकी निम्मी मते पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त आडवी बाटली लागते. त्या दिवशी कंपनीत पाळी असलेली, माहेरी गेलेली, बाळंत झालेली किंवा मरूनही यादीत राहिलेली प्रत्येक बाई आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते. शिवाय हे मतदान दुकान उघडल्यावर होते, उघडण्याआधी नाही. गांजाच्या परवान्याची फाइल महाराष्ट्रात उद्या कोणी उघडलीच, तर आधी हा नियम उलटा करावा लागेल: नव्या दुकानाला, मग ते गांजाचे असो की दारूचे, त्या गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांचे होकाराचे मत लागेल, आणि न आलेली प्रत्येक बाई नकारात मोजली जाईल.